गणपतरावांच्या फाटकातली अंगणवाडी

गणपतराव पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले, आणि त्या छत्तीस वर्षांत त्यांनी एकही धरण जवळून पाहिलं नाही. पाण्याची भीती वाटायची. ही गोष्ट त्यांनी साहेबांना कधी कळू दिली नाही. पाहणी दौरा निघाला की त्यांच्या पोटात दुखायचं, आणि ते खरंच दुखायचं. पाण्याखालोखाल त्यांना कुत्री, लिफ्ट, लग्नातला बँड, अनोळखी नंबरावरून आलेले फोन आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातला पंखा यांची भीती होती. त्यामुळे कोरोना आला तेव्हा कसबा बावड्याच्या शिवप्रभा कॉलनीत मनाची पूर्वतयारी असलेला माणूस एकटाच होता.

पहिल्या लाटेत त्यांनी पेपरला इस्त्री केली. दुसऱ्या लाटेत पेपर बंद केला. दुधाच्या पिशवीला साबणाची आंघोळ, भाजीला मिठाच्या पाण्यात एक तास आणि उन्हात दोन तास. त्यांच्या पत्नी संयोगिताबाई एकदा कोथिंबिरीची जुडी हातात धरून म्हणाल्या, "ही आता भाजी राह्यली न्हाय. काढा करायला उपयोगी पडंल."

पण मे महिन्यात हसण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली की कॉलनीतल्या बायका पोळी लाटता लाटता थांबायच्या आणि आवाज कुठं वळतो ते ऐकायच्या. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काळ्या चौकटी यायच्या. गणपतरावांनी मोबाईलवर नुसता 'भा' दाबला तरी फोन आपणहून 'भावपूर्ण श्रद्धांजली' पुरं करायचा. एकदा त्यांना 'भाजी संपली' लिहायचं होतं.

अशा दिवसांत एका दुपारी ग्रुपवर एक निरोप आला. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली अंगणवाडी वर्षभर बंद आहे, मुलांसाठी रोज मोबाईलवर धड्याचे व्हिडिओ येतात, पण मुलांच्या घरात मोबाईल नाहीत, कॉलनीतल्या कुणाला मदत करता येईल का. खाली सेविकेचं नाव, क्रांती. गणपतरावांनी वाचलं, त्यांना बरं वाटलं, आणि त्यांनी लिहिलं, 'स्तुत्य उपक्रम. माझे संपूर्ण सहकार्य राहील.'

यात त्यांची काही चूक म्हणता येणार नाही. हे वाक्य त्यांनी नोकरीत हजारो कागदांवर लिहिलं होतं. सहकार्य घ्यायला त्या कागदांमागून कधी कोणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाची कडी वाजली. बाहेर तोंडाला रुमाल, वर मास्क, वर प्लॅस्टिकची काच अशी एक बाई उभी.

"काका, मी क्रांती. सहकार्य न्यायला आलोय."

गणपतरावांनी दारातूनच विचारलं, "म्हणजे नेमकं काय?"

"जुना मोबाईल असंल तर द्या. वस्तीत बावीस पोरं हायत अंगणवाडीची, आणि टचचे मोबाईल तीन. ते बी बापय कामावर घिऊन जात्यात. ऑफिसातनं रोज मला इचारत्यात, किती बालकांनी व्हिडिओ बघितला. मी काय सांगू? मीच बघतो रोज, पाठ झालाय माझा."

जुना मोबाईल नव्हता. नवा होता, पण त्यात पेन्शन होती, बँक होती, गॅसची सबसिडी होती. तो परक्या हातात द्यायचा या कल्पनेनंच गणपतरावांच्या तळहाताला घाम आला. बऱ्याच वाटाघाटी होऊन तोडगा निघाला की मोबाईल फाटकाच्या आतच राहील, गणपतराव तो स्वतः धरतील, आणि रोज अकरा वाजता एकच मूल फाटकाबाहेर उभं राहून दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहील. एकच. गणपतरावांनी 'एकच' हा शब्द तीनदा वापरला.

"दीक्षाला पाठवतो मग," क्रांती म्हणाली. "चार वर्षांची हाय. आजी घिऊन यील. बाप दुधाच्या टँकरवर असतोय. आई कोविड सेंटरला मावशी हाय."

गणपतराव दोन पावलं मागं सरकले.

"आई अठरा दिवस झालं घरला आल्याली न्हाय काका. तिथंच ऱ्हाती. घरात म्हातारी सासू आन लहान पोर, म्हणून येतच न्हाय."

गणपतरावांनी अठरा आणि चौदा यांची मनातल्या मनात वजाबाकी केली आणि पुन्हा एक पाऊल पुढं आले.

आजीचं नाव सोनूबाई. ठरल्या वेळेला ती नातीचं बोट धरून आली आणि फाटकापासून चांगली सहा फूट लांब उभी राहिली. गणपतरावांना बरं वाटलं. इतकं नीट अंतर कॉलनीतला एकही शिकलेला माणूस ठेवत नव्हता. हे अंतर सोनूबाईला कोरोनानं शिकवलेलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात यायला पुढं बरेच दिवस गेले.

दीक्षा बारीक होती, केस दोन रबरांत घट्ट बांधलेले, आणि तिला सहा फुटांवरून काही दिसत नव्हतं.

"दिसंना," ती म्हणाली.

गणपतरावांनी हात लांब केला. "आता?"

"दिसंना."

शेवटी त्यांनी दोन्ही हात फाटकाच्या सळ्यांतून बाहेर काढले, मान आत वळवली, श्वास धरला, आणि अशा अवस्थेत दीक्षाचं पूर्वप्राथमिक शिक्षण सुरू झालं. व्हिडिओतल्या ताईंनी गाय दाखवली आणि गोड आवाजात विचारलं, "सांगा बघू बाळांनो, गाय आपल्याला काय देते?"

"शेण," दीक्षा म्हणाली.

"दूध," व्हिडिओतल्या ताई म्हणाल्या.

दीक्षानं आजीकडं पाहिलं. सोनूबाई म्हणाली, "तुझं बी बरोबर हाय. दूध डेअरीला जातंय. घरात शेणच ऱ्हातंय की."

हे सगळं समोरच्या गॅलरीतून अमरसिंह पाहत होते. ते ट्रॅक्टरच्या शोरूमचे मॅनेजर आणि कॉलनीचे सेक्रेटरी. चालू इंजिनाशेजारी उभं राहून बोलायची सवय असल्यानं त्यांचं खासगी बोलणंही पुढच्या चौकापर्यंत जायचं. "गणपतराव, हात अवघडतील वो तुमचं. टीव्हीला जोडा की मोबाईल. आन टीव्ही फिरवा खिडकीकडं. पोरगी अंगणात बसूनशान बघंल."

सल्ला चांगला होता, हेच त्यातलं वाईट. संयोगिताबाईंनी टीव्ही फिरवला, खिडकीचा पडदा काढला, आणि दुसऱ्या दिवशी दीक्षानं अंगणात बसून त्रेचाळीस इंची गाय पाहिली. तिनं ही बातमी वस्तीत कशी सांगितली कोण जाणे, पण तिसऱ्या दिवशी अंगणात चार मुलं होती आणि सहाव्या दिवशी अकरा.

"मी एकच म्हणालो होतो," गणपतराव क्रांतीला म्हणाले.

"व्हय की. पण काका, दहाला मागं कसं फिरवू? तुम्हीच सांगा त्यास्नी."

गणपतराव सांगायला पुढं झाले. दहा मुलं त्यांच्याकडं पाहत होती. एकाचा मास्क कपाळावर होता, एकीनं मास्कची नाडी चघळून ओली केली होती. गणपतरावांनी घसा साफ केला. त्यासरशी मुलंच घाबरून मागं सरकली, कारण त्या दिवसांत मोठं माणूस खोकलं की मागं सरकायचं हे त्यांना घरात शिकवलेलं होतं. गणपतराव आत गेले आणि खडू आणि मोजपट्टी घेऊन आले. अंगणात त्यांनी दर सहा फुटांवर एक वर्तुळ काढलं आणि प्रत्येकात आकडा घातला. काम इतकं रेखीव झालं की ते स्वतःच दोन मिनिटं बघत राहिले. मुलांना वाटलं हा खेळ आहे. ती एका वर्तुळातून दुसऱ्यात उड्या मारू लागली, आणि दहा मिनिटांत प्रत्येक मूल प्रत्येक वर्तुळाला शिवून आलं. गणपतरावांनी त्या दिवशी जंतुनाशकाची आख्खी बाटली अंगणावर ओतली.

मोबाईल टीव्हीला जोडला की मोबाईलमध्ये जे जे असतं ते टीव्हीवर दिसतं, हे अमरसिंहांनी सल्ल्यात सांगितलं नव्हतं. आठव्या दिवशी व्हिडिओ उघडताना गणपतरावांचं बोट भलतीकडं पडलं आणि त्यांनी आदल्या आठवड्यात इंटरनेटला विचारलेले प्रश्न एकाखाली एक मोठ्या अक्षरांत पडद्यावर आले. मुलांना वाचता येत नव्हतं. सोनूबाईला येत नव्हतं. पण अमरसिंह गॅलरीत चहा पीत होते आणि त्यांना येत होतं.

"डाव्या कानात खाज, कोरोना लक्षण आहे का," त्यांनी वाचलं. "शिंक आली पण एकच, काळजी करावी का. पत्नीला वास येतो, मला येत नाही. कोण बरोबर."

आजूबाजूच्या तीन गॅलऱ्यांत माणसं आली. गणपतरावांना तो चौकोन बंद कसा करायचा ते आठवेना. त्यांनी शेवटी टीव्हीची पिनच उपटली. नंतर दोन दिवस ते खाली मान घालून तुळशीला पाणी घालत होते.

तेवढ्यावर भागलं असतं. पण वास येत नाही हे वाक्य कॉलनीनं वाचलं होतं. ग्रुपवर चर्चा झाली. आधी गणपतरावांच्या नाकावर आणि मग त्यांच्या अंगणातल्या गर्दीवर. परवानगी आहे का, वस्तीतली मुलं कॉलनीत का येतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. अमरसिंहांनी सेक्रेटरी या नात्यानं लेखी परवानगी मागितली.

गणपतराव दोन मास्क आणि हातमोजे घालून अंगणवाड्यांच्या कार्यालयात गेले. खिडकीमागच्या तरुण कारकुनानं अर्ज वाचला.

"ऑनलाईन शिक्षणाला परवानगी लागत न्हाय काका."

"पण मुलं समोर बसतात."

"मग ते ऑनलाईन कसं? ऑफलाईन बंद हाय."

"टीव्ही ऑनलाईन आहे. मुलं ऑफलाईन आहेत."

कारकुनानं कागद उलटसुलट केला. "तसला रकाना न्हाय ह्यात."

आयुष्यभर गणपतरावांनी हेच वाक्य लोकांना ऐकवलं होतं. खिडकीच्या या बाजूनं ते इतकं टोचतं याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना तिसऱ्या टेबलाकडं, तिथून दुसऱ्या इमारतीत आणि तिथून पुन्हा पहिल्या खिडकीवर पाठवलं. अखेर कोणीतरी गेल्या वर्षीचा एक छापील नमुना शोधून दिला. त्यात शेवटी 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. खाली मुलांची यादी. गणपतरावांना रिकामा रकाना बघवत नसे. त्यांनी तिथं स्वतःचं नाव लिहून सही ठोकली आणि बाहेर येऊन हातमोजे कचऱ्यात टाकले.

परवानगी आठ दिवसांनी आली. त्याच सकाळी क्रांती आली, आणि या वेळी ती हसत नव्हती.

"सोनूबाईला पहाटं नेलं काका. चौऱ्याऐंशी व्हता ऑक्सिजन. पॉझिटिव्ह हाय."

गणपतरावांनी फाटकाची सळई धरली. सोनूबाई रोज तिथंच उभी राहायची, सळईपासून सहा फुटांवर. काल ती थोडी खोकली होती का? काल वारा कुठल्या बाजूचा होता? अकरा मुलं, अकरा घरं, संयोगिता, आपण. त्यांच्या पोटात दुखायला लागलं, आणि या वेळी चुकवायला कुठलाही दौरा नव्हता.

"आणि ती?" त्यांनी विचारलं.

दीक्षा क्रांतीच्या मागं उभी होती. हातात कपड्यांची पिशवी. "तिची टेस्ट केली, निगेटिव्ह आली. पण ठेवायचं कुठं तिला? वस्तीला बांबू लावल्यात, घरटी माणूस आजारी हाय. हिचा बाप कृष्णात टँकर घिऊन गेलाय, पुण्याच्या पुढं हाय, यायला त्याला दोन दिवस, आन आला की त्यो बी दवाखान्यात आईमागं पळणार. माझ्या घरात ओली बाळंतीण. हिच्या आईला, संघप्रियाला, फोन केला, तिला सुट्टी मिळंना. ऑफिसात इचारलं तर त्येनी यादी काढली. म्हणाले, जबाबदार व्यक्ती गणपतराव हायत की."

"ते वर्गापुरतं होतं," गणपतराव म्हणाले.

समोरून अमरसिंह ओरडले, "पेशंट कॉलनीत आणायचा न्हाय हं, आधीच सांगतो."

"पेशंट न्हाय, चार वर्षांचं पोर हाय," क्रांती म्हणाली.

गणपतरावांनी नकाराची तीन वाक्यं जुळवली. तिन्ही योग्य होती. वय, मधुमेह, लसीचा एकच डोस. ते पहिलं वाक्य उच्चारणार तेवढ्यात दीक्षा क्रांतीला वळसा घालून आत आली आणि सात नंबरच्या वर्तुळात जाऊन मांडी घालून बसली. अकरा वाजले होते.

"टीव्ही लाव की," ती म्हणाली.

गणपतराव सवयीनं आत गेले, मोबाईल जोडला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. दहा वर्तुळं रिकामी होती. रोज जिथं सोनूबाई उभी असायची तिथं कोणी नव्हतं. एवढ्या मोठ्या उन्हात एवढंसं पोर एकटं बसून गायीची वाट बघत होतं. गणपतरावांना नकाराचं पहिलं वाक्य काही केल्या आठवेना. संयोगिताबाई त्यांच्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ऊन लागतंय तिला."

दुपारी घरावर विलगीकरणाचा कागद चिकटला. अमरसिंहांनी फाटकाला दोरी बांधली आणि दोरी बांधताना तोंड दुसरीकडं ठेवलं.

गणपतरावांनी घराचे नियम केले. दीक्षाची चटई वेगळी, ताट वेगळं, खुर्ची वेगळी, मध्ये दोन मीटर. दीक्षाला मीटर माहीत नव्हता. गणपतराव मागं सरकले की ती पुढं यायची, कारण ती समजायची की आजोबा कुठं तरी निघालेत आणि आपल्यालाही जायचंय. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आरामखुर्चीत बसले असताना ती त्यांच्या पावलावर डोकं ठेवून झोपली. ते दीड तास पाय न हलवता बसून राहिले. पायाला मुंग्या आल्यावर त्यांनी मोबाईल काढला, पायाला मुंग्या येणं हे कोरोनाचं लक्षण आहे का ते विचारायला, आणि मग तो न विचारताच खाली ठेवला.

ते दिवसातून तीस-चाळीस वेळा बोटाला यंत्र लावून स्वतःचा ऑक्सिजन बघायचे. दीक्षाला ती चिमट्यासारखी डबी फार आवडली. "मला लाव." लावली. पडद्यावर आकडाच येईना. दोन आडव्या रेघा नुसत्या. गणपतरावांनी झटकून पुन्हा लावली. रेघाच. समोर पोर हसतंय, बोलतंय, आणि यंत्र म्हणतंय ती नाहीच. त्यांनी संयोगिताबाईंना हाक मारली ती इतकी मोठ्यानं की समोरच्या गॅलरीचं दार उघडलं. संयोगिताबाई हात पुसत आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "बोट केवढंसं हाय तिचं. बसतंय का त्यात?"

चौथ्या दिवशी संघप्रियानं व्हिडिओ कॉल केला. गणपतरावांनी मोठ्या हौसेनं तो टीव्हीवर लावला, पोरीला आई मोठी दिसावी म्हणून. आणि टीव्हीवर त्रेचाळीस इंची पांढरा पोशाख आला. चेहरा नाही, केस नाहीत. चष्म्याच्या काचेवर वाफ. मागं आणखी दोन पांढरे पोशाख कोणाला तरी ढकलगाडीवरून नेत होते.

"दीक्षा, बाळा," पोशाख म्हणाला.

दीक्षा किंचाळली नाही. ती हळूच उठली, टीपॉयखाली शिरली आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. फोन बंद झाल्यावरही ती बाहेर येईना. जेवायलाही येईना.

"अगं, आई होती ती," गणपतराव टीपॉयशी वाकून म्हणाले.

"न्हाय. आजीला न्हेलं त्येच व्हतं ते."

तेव्हा गणपतरावांना समजलं. पहाटे घरात असलेच दोघे पांढरे आले होते आणि आजीला उचलून घेऊन गेले होते. हे सगळं त्या पोरीनं पाहिलं होतं आणि चार दिवस एका शब्दानं कोणाला सांगितलं नव्हतं. आपण या घरात सगळ्यात जास्त भितो, ही गणपतरावांची समजूत चुकीची निघाली.

त्यांनी कपाटातून रेनकोट काढला. टोपी कानांवरून ओढली, दोन मास्क लावले, डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाचा काळा चष्मा चढवला, हातमोजे घातले. बेचाळीस मिनिटांपूर्वी वीज गेली होती आणि पंखा बंद होता. ते टीपॉयसमोर येऊन उभे राहिले. दीक्षानं बोटांच्या फटीतून पाहिलं आणि पाय आणखी आत ओढून घेतले.

"आता बघ," रेनकोट म्हणाला. त्यांनी एक हातमोजा काढला. हात दिसला. मग दुसरा. मग चष्मा. मग टोपी, त्याबरोबर उरलेले चार केस उभे राहिले. शेवटी मास्क. आत घामानं निथळणारे गणपतराव होते.

दीक्षा बराच वेळ बघत होती. "परत घाल," ती म्हणाली.

त्यांनी घातलं. काढलं. परत घातलं. सातव्या वेळेला ती टीपॉयखालून बाहेर आली आणि मास्क तिनं स्वतः ओढून काढला. संयोगिताबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या हसत होत्या की काय करत होत्या, ते गणपतरावांनी पाहिलं नाही. त्यांना चक्कर येत होती.

दुसऱ्या दिवशी संघप्रियाचा फोन आला तेव्हा दीक्षा टीव्हीसमोर बसून राहिली.

"आत कोण हाय?" तिनं विचारलं.

"मी हाय की. तुझी आई."

"टोपी काढ."

"इथं काढता येत न्हाय बाळा. पेशंट हायत. आवाज ऐक की माझा."

दीक्षानं गणपतरावांकडं पाहिलं. "व्हिडिओतली गाय बी बोलती," ती म्हणाली. मग फोन बंद झाला.

सोनूबाईची तब्येत उतरत चालली होती. सहाव्या दिवशी तिला जास्त ऑक्सिजनच्या खाटेवर हलवलं. कृष्णात टँकर उभा करून आला होता आणि दवाखान्याच्या दारात बसून होता. आत कोणाला सोडत नव्हते. दिवसातून एकदा तो गणपतरावांना फोन करायचा. "आजून हाय," एवढंच सांगायचा. गणपतरावही "बरं" एवढंच म्हणायचे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका छोटा आणि इतका जड पत्रव्यवहार त्यांनी केला नव्हता.

नवव्या दिवशी अकरा वाजता दीक्षा टीव्हीवर आकार शिकत होती. गोल, चौकोन, त्रिकोण. मध्येच त्रिकोण गेला आणि पडद्यावर हातभर अक्षरांत आलं, 'कोविड दवाखाना'. फोन वाजत होता. दीक्षाला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "हा कंचा आकार?"

रोज फोन कृष्णातचा यायचा. दवाखान्याचा कधीच नाही. दवाखाना फोन करतो तो कशासाठी करतो, हे मे महिन्यात सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होतं. गणपतराव मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेले. संयोगिताबाईंनी गॅस बंद केला आणि त्यांचा दंड धरला.

"दीक्षाचे आजोबा का?" पलीकडून एक थकलेली बाई म्हणाली. "पेशंट सोनूबाई. त्यांच्या मुलाचा फोन लागत नाही, म्हणून त्यानं लिहून दिलेल्या या दुसऱ्या नंबरावर केला. तुम्ही जरा समजावून सांगा त्यांना."

"काय?" गणपतरावांनी विचारलं.

"सकाळपासून मिश्री मागतायत. ऑक्सिजनचा मास्क काढून मागतायत. वॉर्डबॉयला शिव्या दिल्या. कालपासून तापही उतरलाय, आकडा त्र्याण्णव आहे, सगळं चांगलं चाललंय आणि यांचं आपलं मिश्री, मिश्री. देते त्यांच्याकडं, बोला."

खरखर झाली. मग सोनूबाईचा आवाज, चिरका पण ओळखीचा. "कोण? पावणं का? ह्या बाईला सांगा, तोंड कडू झालंय माझं. एक चिमूट द्या म्हणावं. दात काय तुमी घासणार हायसा माझं?"

गणपतराव ओट्याला टेकले. संयोगिताबाईंनी फोन काढून घेतला आणि मिश्रीवर बंदी का आहे ते सोनूबाईला नीट समजावलं. सोनूबाईला ते पटलं नाही. दोघी दहा मिनिटं भांडल्या. इतकं चांगलं भांडण त्या घरानं कैक दिवसांत ऐकलं नव्हतं.

घरातल्या तिघांच्याही चाचण्या निगेटिव्ह आल्या. गणपतरावांचा आपल्या चाचणीवर विश्वास बसला नाही, पण पुन्हा करायची त्यांची हिंमत झाली नाही. बाकीच्या दहा घरांतही वर्गामुळं कोणी आजारी पडलं नाही. कागद निघाला, दोरी निघाली. सोनूबाई घरी आली, पण तिला उठून चार पावलं टाकली तरी धाप लागत होती, म्हणून दीक्षा आणखी आठवडाभर गणपतरावांकडं राहिली. वर्तुळं पुन्हा भरली. अमरसिंह आता सल्ला देत नव्हते. एकदा त्यांनी मुलांसाठी केळी पाठवली आणि ती फाटकाबाहेर ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

जून लागला आणि संघप्रियाची पाळी संपली. स्वतःचे विलगीकरणाचे दिवस भरून ती एका सकाळी दीक्षाला न्यायला आली. साधी निळी साडी, तोंडाला मास्क. ती फाटकाबाहेर सहा फुटांवर उभी राहिली, सोनूबाईसारखीच.

"आत या," गणपतराव म्हणाले.

"नगं साहेब. इथंच बरं हाय."

दीक्षा गणपतरावांच्या मागं दडली होती. त्यांचा पायजमा तिनं दोन्ही मुठींत धरला होता. संघप्रिया खाली बसली आणि हात पुढं केले. दीक्षा हलली नाही.

"टोपी काढ," ती म्हणाली.

टोपी नव्हती. मास्क होता. संघप्रियाला समजलं, पण तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. सेंटरमध्ये तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायकांना घरमालकांनी घरात घेतलं नव्हतं. भररस्त्यात मास्क काढायची तिला भीती वाटत होती. तिनं कानाशी हात नेला आणि थांबली. मग एका कानाची नाडी काढली.

"ओ बाई, मास्क," गॅलरीतून आवाज आला. "कॉलनीत मास्क काढायचा न्हाय. गणपतराव, सांगा त्यास्नी."

"अमरसिंह," गणपतराव म्हणाले, "तुम्ही गप्प बसा."

चारही गॅलऱ्यांतली माणसं वाकून बघू लागली. आवाज कुठून आला ते गणपतरावांनाही क्षणभर कळलं नाही. ते तसेच फाटकापर्यंत गेले, पायजम्याला धरलेल्या दीक्षासकट, आणि त्यांनी फाटक उघडलं. संघप्रियानं मास्क काढला.

दीक्षानं पायजमा सोडला. ती पुढं गेली, दोन पावलांवर थांबली आणि आईचं तोंड निरखून बघू लागली. गालांवर मास्कच्या कडांचे काळे वण पडले होते. नाकाच्या दांड्यावर चष्म्यानं कातडी सोलली होती, तिथं खपली होती. दीक्षानं एक बोट पुढं करून त्या खपलीला लावलं. मग गालाला. मग कपाळावरचे केस मागं सारून पाहिले. संघप्रिया श्वास धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं चेहरा तसूभर हलवला नाही.

तपासणी पूर्ण झाली. दीक्षा मागं वळली आणि गणपतरावांना म्हणाली, "आजोबा, हीच हाय."